कुकर घेतलास का?

जून उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास येतात. एक पाऊस, आणि दुसरी अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांसाठीची ती सुप्रसिद्ध यादी. कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणालाच ठाऊक नाही. पूर्वी ती ईमेलमधून फिरायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. तीन लिटरचा कुकर, गास्केट दोन, शिट्टी जास्तीची एक. गोडा मसाला अर्धा किलो, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. पोळपाट-लाटणं. थर्मल, मोजे, डोक्याला लावायचं तेल, क्रोसीन, इसबगोल. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, वजनकाट्यावर चढवून-उतरवून घरातल्या सगळ्यांचे खांदे दुखेपर्यंत भरलेल्या. मग फोनवर मावशी, काकू, आत्या, सगळ्यांचा एकच प्रश्न: कुकर घेतलास का?

माझा या यादीवर राग आहे. मेतकुटावर नाही बरं का! बर्फात घरी येऊन ज्याने एकट्याने मेतकूट-भात खाल्लाय त्याला त्याची किंमत ठाऊक असते. पण यादीतले निम्म्याहून अधिक जिन्नस इथे मिळतात. शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली निघालं. आता मोठ्या विद्यापीठांच्या आसपास एखादं देशी दुकान बहुधा सापडतंच. खऱ्या उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी यादीत आहेत, त्या मान्य: चष्म्याची जास्तीची जोडी, निघण्याआधी उरकलेली दातांची कामं (विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात दात आणि डोळे बहुधा नसतात), आणि लसीकरणाचे कागद. यादीचा खरा तोटा वेगळाच आहे. ती तयारी झाल्याचं समाधान देते. बॅग भरली, कुलूप लागलं, चला, पोरगं तयार झालं! आणि प्रत्यक्षात पोरगं अजिबात तयार नसतं. कारण ज्या गोष्टीवर त्याची दोन वर्षं आणि बापाचं घर तारण ठेवून काढलेलं कर्ज अवलंबून आहे, ती बॅगेत मावत नाही आणि यादीतही नसते.

ती गोष्ट म्हणजे आधी विचारायची सवय. हा लेख एवढ्या एकाच गोष्टीसाठी आहे.

आपल्याकडे कॉलेजात शिकलेल्या कोणालाही विचारा. परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटली तर लेट फी, ती उलटली तर सुपर लेट फी. हजेरी कमी पडून डिफॉल्टर लिस्टला नाव लागलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट. टर्मवर्क राहिलं तर सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाईल. ड्रॉइंगची शीट राहिली तर खाली काच, काचेखाली दिवा, आणि मारा जीटी. काहीच जमलं नाही तर एचओडींच्या केबिनबाहेर चेहरा पाडून तासभर उभं राहायचं. "सर, प्लीज सर." आणि सर शेवटी सही करतात. चार वर्षांत आपण थर्मोडायनॅमिक्स शिकलो की नाही देव जाणे, पण एक गोष्ट पक्की शिकतो. आधी चूक होऊ द्यावी, मग ती निस्तरावी. "बघू नंतर, मॅनेज करू."

इथे हा क्रम चालत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे इथले नियम वाचले तर लक्षात येतं की त्यांत दयामाया आहे, बरीच आहे. पण ती बहुतेक ठिकाणी आधी विचारणाऱ्यासाठी आहे. नंतर सांगणाऱ्याला फारच थोड्या वाटा उरतात.

उदाहरणं देतो, म्हणजे हे प्रवचन वाटणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. वडील म्हणतात, "काळजी कसली, पाच वर्षांचा व्हिसा मिळालाय!" व्हिसा ही दारावर दाखवायची चिठ्ठी. ती दाखवून आत आलात की इथे राहण्याचा हक्क त्या चिठ्ठीवर टिकत नाही, तुमच्या विद्यार्थी असण्यावर टिकतो. हा दर्जा आय-२० नावाच्या कागदावर आणि सेव्हिस नावाच्या सरकारी संगणकातल्या नोंदीवर उभा असतो. ही यंत्रणा २००३ पासून चालू आहे. विद्यापीठात त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात. व्हिसा पाच वर्षांचा असूनही पहिल्याच सहामाहीत दर्जा जाऊ शकतो. आणि उलट, इथे राहून शिकत असताना व्हिसाची तारीख उलटली तरी दर्जा शाबूत असू शकतो. घरातल्या किती जणांना हा फरक माहीत असतो? कुकरच्या गास्केटचा आकार मात्र सगळ्यांना पाठ!

आता पहिलं उदाहरण. एमएसची पहिली सहामाही, नऊ क्रेडिट, तीन विषय. तिसरा विषय झेपत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषय सोडायचं बटण असतं, ते दाबलं की विषय सुटतो. संगणक काही विचारत नाही. उरली सहा क्रेडिट. विद्यापीठाच्या लेखी काहीच बिघडलं नाही, पण सरकारच्या लेखी तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी राहिला नाहीत आणि दर्जा धोक्यात आला. हाच मुलगा बटण दाबायच्या आधी डीएसओकडे गेला असता तर? इथली शिकवण्याची पद्धत नवी असल्यामुळे किंवा चुकीच्या पातळीचा विषय घेतल्यामुळे अडचण आली, तर किमान निम्मा भार ठेवून विषय सोडायची परवानगी नियमातच आहे. आजारी असाल तर डॉक्टरच्या पत्रावर एकूण बारा महिन्यांपर्यंत भार कमी करता येतो. विषय तोच, कारण तेच, मुलगा तोच. फरक फक्त आधी आणि नंतरचा.

दुसरं. आय-२० वर शेवटची तारीख असते. प्रबंध लांबला, प्रयोग फसला, तर मुदत वाढवून मिळते. पण अर्ज ती तारीख उलटण्याआधी करायचा. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं. शिक्षण संपल्यावर एक वर्ष काम करायची जी परवानगी मिळते (ओपीटी), तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून ते संपल्यावर साठ दिवसांपर्यंत. त्या खिडकीबाहेर गेलात की त्या पदवीपुरती ती संधी गेली. इथे सुपर लेट फी नाही.

तिसरं, आणि सगळ्यांत घातक: नोकरी. "तिकडे पार्टटाइम करून फी निघते" हे वाक्य पुण्यात नि नाशकात आजही सर्रास ऐकू येतं. हिशेब करून बघा. सहामाही चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, तेही आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. केंद्राचा किमान दर २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. काही राज्यांत तो जास्त आहे, पण सव्वासात धरला तर आठवड्याचे झाले एकशे पंचेचाळीस डॉलर, महिन्याचे सहाशेच्या आतबाहेर. यात खोलीभाड्याचा वाटा आणि किराणा निघाला तर नशीब. फी कुठून निघणार? (टीए-आरएची नेमणूक मिळून फी माफ होणं वेगळं. ती मिळेलच असं धरून घर तारण ठेवू नये.) मग फी निघत नाही म्हटल्यावर आवाराबाहेर हॉटेलात रोख पैशांवर काम, पेट्रोलपंपावर रात्रपाळी, मित्राच्या नावावर डिलिव्हरी. "सगळेच करतात रे!" सगळे करत असतील. पण गेलेला दर्जा परत मिळवण्यासाठी सरकारकडे जो अर्ज करता येतो, त्याची एक अट अशी की विनापरवाना नोकरी केलेली नसावी. म्हणजे निस्तरण्याची जी एक वाट आहे, तीच या कामाने बुजते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अहो, आमच्या मुलाला तिथले सीनियर्स सांगतात ना सगळं." या सीनियर दादांबद्दल मला आदर आहे. विमानतळावरून उतरवून आणणं, पहिले आठ दिवस आपल्या खोलीत गादी टाकून देणं, बँकेत नेणं, पहिला वरण-भात करून घालणं... एवढ्या निरपेक्षपणे सख्खे नातेवाईकही करत नाहीत. पण गादी देणारा माणूस कायद्याचाही जाणकार आहे, हे कोणी ठरवलं? दादा सांगतो ते त्याच्या वर्षी खरं होतं. हे नियम फार लवकर शिळे होतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ओपीटीवर मिळणारी वाढ २००८ साली सतरा महिन्यांची होती, २०१६ पासून ती चोवीस महिन्यांची झाली. ६ जुलै २०२० ला सरकारने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे राहता येणार नाही; हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला तो हुकूम मागे घेतला गेला. आठ दिवसांत दोनदा नियम बदलला! जून २०२५ पासून व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय व्हिसा नवा करून घ्यायची सोय बहुतेकांसाठी बंद झाली. म्हणजे बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस येऊन, पासपोर्ट पेटीत टाकून परत जाणारा दादा खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या भरवशावर तिकीट काढणारा मुलगा लग्न आटोपल्यावर मुलाखतीची तारीख शोधत बसेल आणि तिकडे वर्ग सुरू होतील.

आणि "कोणीतरी सांगितलं" याची किंमत किती होऊ शकते, याचेही दाखले आहेत. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला तेव्हा तिथे शेकड्यांनी भारतीय मुलं नोंदलेली होती, बहुतेक आंध्रातली. काहींच्या पायांत रेडिओ कॉलर अडकवले गेले, ते फोटो आपण सगळ्यांनी पेपरात पाहिले. पुढे त्या विद्यापीठाच्या प्रमुख बाईंना सोळा वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ उघडकीला आलं. ते तर सरकारनेच उभारलेलं बनावट विद्यापीठ, ना वर्ग, ना प्राध्यापक! शंभराहून जास्त भारतीय विद्यार्थी पकडले गेले. सरकारने सापळा लावणं मला गलिच्छ वाटतं आणि तसं मी इथल्या लोकांनाही सांगतो. पण त्या सापळ्यापर्यंत मुलांना नेणारे दलाल आपलेच होते. "वर्ग नाहीत, पण कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून" हे ऐकल्यावर, ज्याला नियम स्वतः वाचायची सवय आहे त्याच्या कपाळावर आठी पडायला हवी होती.

कोणी म्हणेल, नियम पाळूनही कुठे सुरक्षितता आहे? बरोबर आहे. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या तर वाहतुकीच्या किरकोळ दंडासारख्या कारणावरून. विद्यार्थी कोर्टात गेले, अनेक न्यायाधीशांनी स्थगिती दिली आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करत असल्याचं सांगितलं. इथली यंत्रणा न्यायाची पुतळी आहे असा माझा मुळीच दावा नाही. पण कोर्टात उभं राहायला हातात स्वच्छ कागद लागतात. रोख पगाराची रात्रपाळी करणारा कोणत्या तोंडाने जाणार?

आता अभ्यासाकडे वळू, कारण तिथेही हीच खोड आडवी येते. पीएचडीच्या काळात मी टीए म्हणून गृहपाठ तपासायचो. दोन वह्यांत एकच उत्तर येणं समजू शकतो. एकाच ओळीत एकच चूक, एकच गाळलेलं ऋण चिन्ह आणि शेवटी तरीही बरोबर आलेलं उत्तर? ती जीटी झाली! तिकडे त्याला मैत्री म्हणतात, इथे चोरी म्हणतात. चौकशी बसते, विषयात नापास करतात, प्रकरण गंभीर असेल तर काढून टाकतात. काढून टाकलं की विद्यार्थी राहिला नाहीत, आणि विद्यार्थी राहिला नाहीत की दर्जा गेला. बॅग भरायला साठ दिवसही मिळत नाहीत, ते अभ्यासक्रम नीट पूर्ण करणाऱ्यांसाठी असतात. गंमत पाहा: बरेचसे प्राध्यापक मिळून चर्चा करायला परवानगी देतात, काही तर उत्तेजन देतात. आणखी दोन दिवस हवेत असं आदल्या दिवशी लिहिलं तर पुष्कळदा देतात. विचारलं असतं तर जे फुकट मिळालं असतं, ते चोरून घेतल्यावर करिअर जातं.

विमा, भाडेकरार आणि कर यांची कथा तीच. समजा, विम्याची पहिले पाचशे डॉलर तुम्ही भरायची अट आहे आणि पुढच्या रकमेत वीस टक्के तुमचे. पोटदुखीसाठी थेट इमर्जन्सीत गेलात, बिल तीन हजार झालं, की विमा असूनही तुमच्या खिशातून गेले हजार. तेच आधी विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात फोन करून विचारलं असतं तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. भाडेकरारावर चौघांनी एकत्र सही केली आणि एक जण डिसेंबरात पळाला, तर त्याचं भाडं उरलेल्या तिघांकडून वसूल करायचा हक्क अनेक करारांत मालकाला असतो. तो पळाल्यावर तिसरं पान वाचून काय उपयोग? कराचंही तसंच. एक पैसा कमावला नाही तरी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. आणि कमावला असेल, तर भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना एक ठरावीक वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. आपल्याच हक्काचे पैसे, पण कागद वाचला नाही तर कोण आणून देणार?

"हे सगळं ओरिएंटेशनमध्ये सांगतात की!" हो, सांगतात. विमानातून उतरून तिसऱ्या दिवशी, मुलगा झोपेने पेंगत असताना, दोन तासांत. नियम दोन तासांत सांगता येतात. बावीस वर्षं मुरलेली "बघू नंतर" ही सवय दोन तासांत जात नाही. ती घरातूनच काढावी लागते, आणि म्हणून शेवटचं बोलणं आईवडिलांशी.

काका-काकू, राग मानू नका. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म तुम्ही भरलात, बँकेत तुम्ही गेलात, कन्सल्टंटशी तुम्ही बोललात, व्हिसाचे कागद तुम्ही लावलेत. मुलाने सही तेवढी केली. आता इथे तुम्ही काहीच करू शकणार नाही, कारण कायदाच तुम्हाला अडवतो. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यापीठातल्या मुलाचे मार्क, हजेरी, नापासाची नोटीस यांवर हक्क मुलाचा असतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठाने ते तुम्हाला सांगणं अपेक्षित नाही. म्हणजे मुलगा सांगेल तेवढंच तुम्हाला कळणार. आणि दर रविवारच्या फोनवर तुमचे दोनच प्रश्न असतील, जेवलास का आणि मार्क किती, तर तो तुम्हाला चांगलं तेवढंच सांगणार. विषय झेपत नाही, झोप लागत नाही, तीन आठवडे खोलीबाहेर पडलो नाही, हे तो लपवणार. विद्यापीठात समुपदेशन केंद्र असतं, २०२२ पासून ९८८ हा आकडा फिरवला की देशभरात कुठूनही, दिवसा-रात्री कोणीतरी फोनवर बोलतं. वर सांगितलेली आजारपणातली सवलत मानसिक आजारालाही मिळू शकते. पण या सगळ्याला "मला जमत नाहीये" हे वाक्य आधी उच्चारावं लागतं. घरी हे वाक्य उच्चारल्यावर आजवर काय झालं, यावर तो इथे ते उच्चारेल की नाही हे ठरतं.

तेव्हा यंदाच्या जुलैत एवढं करा. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला एक ईमेल मुलाला स्वतः लिहू द्या. प्रश्न एकच, खरा. "रिस्पेक्टेड सर" वगैरे काही नको, विद्यार्थी क्रमांक घालून चार सरळ ओळी. तुम्ही खांद्यावरून डोकावू नका. उत्तर आलं की ते जपून ठेवायला सांगा, कारण लेखी उत्तर दादाच्या शंभर सल्ल्यांहून मोलाचं असतं. आय-२० ची सगळी पानं, मागच्या सूचनांसकट, त्याला एकदा तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा आणि अर्थ विचारा. तो कागद मोठ्या बॅगेत घालू नका, विमानातून उतरल्यावर तपासनीस तोच मागतो. भाडेकरार सहीआधी वाचायला लावा, कंटाळा आला तरी. आणि त्याला एक वाक्य सांगा, इंग्रजीत, मराठीत, कसंही: अडलास तर लगेच सांग, आम्ही ओरडणार नाही. हे खरं करून दाखवायची जबाबदारी तुमची.

असो. लेख लांबला. बॅगेत जागा उरली तर भाजणी जरूर पाठवा, ती इथे चांगली मिळत नाही हे मात्र खरं आहे.